ऑटोसार, पुणे आणि एक वजाचिन्ह

(दृश्य : रिकामा सर्चबॉक्स, लुकलुकणारा कर्सर.)

पुण्यातल्या एका टीमला एम्बेडेड सॉफ्टवेअर इंजिनिअर हवा आहे. ऑटोसार (गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं एक प्रमाण) यायला हवं, कॅन प्रोटोकॉलवर (गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक भागांनी एकमेकांशी बोलायची पद्धत) हात बसलेला हवा, अनुभव चार-पाच वर्षांचा. नवा रिक्रूटर जेडी, म्हणजे जॉब डिस्क्रिप्शन, उघडतो, त्यातले दहा-बारा शब्द उचलतो आणि गूगलमध्ये एकापुढे एक टाकतो. समोर येतात दुसऱ्या कंपन्यांच्या जाहिराती आणि क्लासेसची पानं.

यात गूगलची चूक नाही. जेडीची भाषा कंपनीची असते आणि ती दुसऱ्या जेडीशीच जुळते. इंजिनिअर स्वतःबद्दल वेगळ्या शब्दांत लिहितो. स्ट्रिंग, म्हणजे सर्चमध्ये टाकायची शब्दांची ओळ, बांधायची म्हणजे तो काय लिहील याचा अंदाज बांधायचा. 'आणि', 'किंवा', 'नाही' ही तीन जोडणारी अवजारं एकोणिसाव्या शतकातल्या जॉर्ज बूल या गणितज्ञाच्या तर्कशास्त्रातून आली, म्हणून या कामाला बूलियन सर्च म्हणतात. अवजारं तासाभरात शिकता येतात. अंदाज बांधायला शिकण्यात महिने जातात.

(दृश्य : स्ट्रिंग अक्षराअक्षरानं टाइप होते.)

पहिला तुकडा जागेचा. 'साइट', कोलन, आणि त्याला चिकटून 'लिंक्डइन डॉट कॉम स्लॅश इन'. शेवटचा 'इन' महत्त्वाचा, कारण माणसांची प्रोफाइल त्या पत्त्याखाली असतात. जाहिराती आणि कंपन्यांची पानं दुसरीकडे. कोलननंतर स्पेस पडली, तर गूगल 'साइट' हा साधा शब्द समजून शोधू लागतं.

दुसरा तुकडा, ऑटोसार. हा शब्द दुसऱ्या कुठल्याच अर्थानं वापरला जात नाही. असा शब्द हाती लागला की सगळा भार त्याच्यावर टाकावा.

आता कॅन. इथे खरी अडचण येते. सर्च इंजिन लहान-मोठी लिपी पाहत नाही, त्यामुळे 'कॅन' म्हणजे इंग्रजीतलं रोजचं 'कॅन', जे जवळपास प्रत्येक पानावर असतं. कॅनवर काम करायचं 'कॅनो' नावाचं टूल शोधायला जावं, तर त्याच स्पेलिंगची होडीसुद्धा येते. म्हणून एकटा शब्द देऊ नका. अवतरणचिन्हांत जोडी द्या: 'कॅन प्रोटोकॉल', 'कॅन बस', 'कॅन कम्युनिकेशन', आणि मध्ये मोठ्या लिपीतला ओआर, म्हणजे 'किंवा'. छोट्या लिपीतला ओआर गूगल ऑपरेटर मानत नाही.

ओआरची दुसरी खोड कळायला वेळ लागतो. गूगलमध्ये तो फक्त लगतच्या दोन शब्दांना जोडतो. 'एम्बेडेड इंजिनिअर ओआर फर्मवेअर इंजिनिअर' असं उघडं लिहिलं, तर पर्याय 'इंजिनिअर' आणि 'फर्मवेअर' या दोन शब्दांतच राहतो. दोन्ही पदनामं अवतरणचिन्हांत बंद केली, की हवा तो अर्थ लागतो. तरीही पदनामावर फार विसंबू नये. अनुभवी माणसाच्या पाटीवर नुसतं 'टेक्निकल लीड' किंवा 'स्पेशालिस्ट' असतं.

मग गाव. पुणे लिहिलं, पण विद्यापीठाच्या नावातही पुणे आहे. त्यामुळे इथे शिकून आज बंगळुरूत किंवा जर्मनीत काम करणारे इंजिनिअरही यादीत येतात. त्यांना लगेच फेकू नका, वेगळी यादी करा. त्यांच्यातल्या कुणाला परत यायचं असू शकतं. 'पिंपरी' ओआर 'चिंचवड' हेही घाला. हिंजवडीचं इंग्रजी स्पेलिंग लोक दोन-तीन प्रकारे करतात, सगळी घाला. फक्त गूगल साधारण 32 शब्दांपर्यंतच विचारात घेतं. पुढचे शब्द ते सोडून देतं, म्हणून महत्त्वाचे शब्द आधी.

(दृश्य : लाल रंगात वजाचिन्ह.)

वजाचिन्ह, म्हणजे गूगलमधलं 'नाही', हे सर्वांत धोक्याचं अवजार. आधी स्पेस, नंतर स्पेस नाही, एवढाच नियम. पण पीडीएफ रेझ्युमे शोधताना जाहिराती टाळायला कुणी 'वजा जॉब' लिहितो, आणि 'जॉब प्रोफाइल', 'जॉब रिस्पॉन्सिबिलिटीज' हे मथळे तर आपल्याकडच्या कितीतरी रेझ्युमेंत असतात! ते सगळे एका फटक्यात गेले. 'वजा इंटर्न' लिहिलं, तर कधीकाळी इंटर्नशिप केलेला सहा वर्षांचा अनुभवीही गेला. चुकीची आलेली माणसं डोळ्यांना दिसतात, गाळलेली कधीच दिसत नाहीत. म्हणून वजा करायचंच असेल तर पूर्ण शब्दसमूह करा किंवा फक्त शीर्षकातला शब्द करा. त्यासाठी 'इनटायटल' आहे.

हीच स्ट्रिंग लिंक्डइनच्या आतल्या सर्चमध्ये चिकटवली तर चालणार नाही. तिथे वजाऐवजी एनओटी, आणि कंस हवेतच. 'ऑटोसार अँड पुणे ओआर पिंपरी' असं कंसाशिवाय लिहिलं, तर अँड आधी सुटतो आणि पिंपरीतले झाडून सगळे येतात, ऑटोसार येवो न येवो. स्ट्रिंग वर्डमध्ये साठवू नका. वर्ड सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतो आणि लिंक्डइनला ती चालत नाहीत. नोटपॅड बरं.

गूगलला फक्त सार्वजनिक प्रोफाइल दिसतं, तेही कधीकधी काही महिने जुनं. ज्यानं ते बंद ठेवलंय तो इथे मिळणारच नाही. आणि कुठल्या तरी संस्थेनं विद्यार्थ्यांचे रेझ्युमे फोन नंबरांसकट वेबवर टाकलेले सापडले, तर हात आवरावा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातली सूट माणसानं स्वतः जाहीर केलेल्या माहितीला आहे. दुसऱ्यानं परस्पर टाकलेली माहिती तिच्यात आपोआप बसत नाही.

(दृश्य : टीममधल्या पाच रिकाम्या खुर्च्या, एकेक भरत जाते.)

स्ट्रिंग तयार झाली की एक तपासणी. त्याच टीममध्ये हे काम आज करणारे पाच जण घ्या, ज्यांची प्रोफाइल सार्वजनिक आहेत. तुमची स्ट्रिंग त्यांना शोधते का? समजा तीन आले, दोन नाही. त्या दोघांची प्रोफाइल उघडा. एकानं ऑटोसार कुठेच लिहिलेलं नाही, नुसतं 'बीएसडब्ल्यू' लिहिलंय, म्हणजे बेसिक सॉफ्टवेअर, ऑटोसारचाच एक थर. दुसऱ्यानं 'यूडीएस', 'डायग्नॉस्टिक्स' लिहिलंय, म्हणजे गाडीतले बिघाड तपासायचं काम. हे शब्द जेडीत नव्हते. एकेक शब्द ओआरनं जोडा, दर वेळी पहिले वीस निकाल वाचा, आणि पाचही जण येईपर्यंत थांबू नका.