जिमनीला स्किड प्लेट लावायच्या आधी गाडीखाली झोपा

नमस्कार मंडळी. आज उभं राहून बोलायचंच नाहीये, आज आपण थेट गाडीखाली, कारण विषय आहे स्किड प्लेट, म्हणजे दगडांपासून गाडीचं पोट वाचवायला खालून लावायचा जाड पत्रा. ही आपली मारुतीची ५ दारांची जिमनी, चारही घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, नीट टेकवलेली, नुसत्या जॅकवर ठेवून खाली कधीच जायचं नाही हे आधीच सांगतो. कॅमेरा जरा इकडे घे, हां, इथे. हा मधला क्रॉसमेंबर, म्हणजे चेसीची आडवी पट्टी. ह्याच्यावर ह्या पांढऱ्या गोलांच्या आत चकाकणाऱ्या रेघा दिसतायत बघा, रंग पार गेलाय आणि लोखंड उघडं पडलंय. हे गोल मी खडूने केलेत. भोर, वेल्हे, ताम्हिणी ह्या बाजूला दोन पावसाळे फिरून गाडी खालून जिथे जिथे घासली तिथे तिथे खडू मारलाय.

मला रोज मेसेज येतात की दादा कुठली प्लेट घेऊ, फुल सेट घेऊ का, आणि माझं म्हणणं एवढंच की आधी खडू घेऊन खाली झोपा. कारण तुमची गाडी कुठे लागते हे तुमच्या रस्त्यावर आणि तुमच्या चालवण्यावर आहे, दुकानदाराला ते माहीत नसतं, तो सेट विकणार.

आता माझ्या गाडीत बहुतेक खुणा मध्यभागीच का आहेत? बाहेरच्या देशात जी ३ दारांची जिमनी मिळते तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या मागच्या चाकांमधलं अंतर, २२५० मिमी, आपली २५९०, म्हणजे ३४० मिमी लांब. हे अंतर वाढलं की उंचवट्यावरून जाताना पोट आधी टेकतं. रॅम्प ब्रेकओव्हर अँगल, म्हणजे पोट न टेकता किती टोकदार उंचवटा पार होतो तो कोन, तिचा २८ अंश आहे, आपला २४. पुढच्या बंपरचा प्रश्नच नाही, ३६ अंशांचा अप्रोच अँगल आहे, म्हणजे बंपर न लागता एवढ्या उभ्या चढावर चाक चढतं, तिथे माझ्या गाडीला ओरखडासुद्धा नाहीये. पण मधे हा ट्रान्सफर केस लटकतोय, टू व्हील फोर व्हील करायचा तो लिव्हर ज्याला जोडलेला असतो तोच, ॲल्युमिनियमची बॉडी आहे, आणि हा फुटला तर आतलं ऑइल ओढ्यात जाणार आणि गाडी जंगलात. तिथून टोचन लावून बाहेर काढायची म्हणजे अख्खा दिवस गेला आणि पाण्यात ऑइल सोडलं ते वेगळंच, खालच्या गावातली माणसं तेच पाणी भरतात हो.

आणखी एक, प्लेट लावली म्हणून ग्राउंड क्लिअरन्स वाढत नाही. पुढे मागे दोन्ही एक्सल सॉलिड आहेत, एक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा आहे तिथेच राहणार, २१० मिमी आहे ते २१० च. उलट मधे प्लेट लावल्यावर पोट थोडं खालीच येतं.

आता वजन, आणि ह्यावर मी जरा वेळ घेणार आहे कारण हे कोणी बोलतच नाही. गाडी रिकामी १२०० किलोच्या आसपास, आणि जास्तीत जास्त भरून चालेल असं वजन १५४५ किलो. म्हणजे साधारण ३४५ किलो तुमच्या हातात. चार माणसं ७५ ची धरली तर ३०० गेले. उरले ४५. त्यात टेंट, पाण्याचा कॅन, दोरखंड, डबे. आता पत्र्याचा हिशोब करा, लोखंड एक मिलिमीटर जाडीला एक चौरस मीटरला ७.८५ किलो भरतं. ६० बाय ८० सेंटिमीटरची प्लेट ४ मिमी जाडीत घेतली तर १५ किलो होते. पुढे एक, मधे एक, मागे टाकीला एक असे तीन तुकडे म्हणजे ४५ किलो, तुमचा सगळा कोटा संपला आणि अजून टेंटही टाकला नाही. इंजिन १.५ लिटरचं, १३४ न्यूटन मीटर टॉर्क, चढावर हे जाणवतं, ब्रेकला जाणवतं, स्प्रिंग बसल्यावर तर खाली लागायचं प्रमाणच वाढतं. संरक्षणासाठी लावलेलं वजनच गाडी खाली आणतं, म्हणून म्हणतो जिथे खडू लागलाय तिथेच प्लेट.

मग ॲल्युमिनियम का नाही? घ्या की, चांगलंच आहे. तेवढीच प्लेट ६ मिमी ॲल्युमिनियममध्ये पावणेआठ किलोच्या आसपास बसते, आणि ६ मिमी ॲल्युमिनियम वाकायला ४ मिमी लोखंडापेक्षा थोडं जास्तच कडक असतं. म्हणजे अर्ध्या वजनात काम. पण दगडावर ते सरकत नाही, दगड त्यात रुततो आणि माल खरवडून काढतो, लोखंड घसरत पुढे जातं. आपल्या सह्याद्रीतला काळा पाषाण कसा असतो माहितीये, ओढ्यातला गोल गुळगुळीत तरी बरा, पण घाटातला फुटका दगड सुरीसारखा. मी मधल्या प्लेटला ४ मिमी लोखंडच घेतलं कारण मी गाडी त्यावर खरोखर घासवतो. तुम्ही कच्च्या रस्त्याने फार्महाऊसला जाणारे असाल तर ॲल्युमिनियम डोळे झाकून घ्या. कोकणात समुद्राजवळ राहत असाल तर मात्र ॲल्युमिनियम प्लेट आणि लोखंडी बोल्ट जिथे टेकतात तिथे खारी हवा लागून पांढरी भुकटी धरते, तिथे अँटी सीझ, म्हणजे बोल्ट जाम होऊ न देणारी पेस्ट, लावा आणि वर्षातून एकदा उघडून बघा.

आता माझी पहिली प्लेट. तयार घेतलेली, कुठली ते सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही. दिसायला मस्त, पण बोल्टची डोकी खाली बाहेर आलेली. एका ओढ्यातून उतरताना करकर आवाज आला, मला वाटलं प्लेट काम करतेय. महिन्याभराने ऑइल बदलायला गेलो तर सहापैकी चार बोल्टची डोकी घासून गोल झालेली, पाना बसेना. ग्राइंडरने कापावी लागली, ठिणग्या उडतायत आणि वर फ्युएल लाइन, माझा जीव अक्षरशः टांगणीला. एक बोल्ट काढताना चेसीच्या आत वेल्ड करून बसवलेला नट सुटून फिरला, तो नीट करायला पूर्ण शनिवार गेला.

म्हणून ही नवीन प्लेट ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्या काकांकडून करून घेतली आणि बोल्टवर सगळ्यात जास्त डोकं लावलं. जवळून बघा. हा ८.८ ग्रेडचा एम १०, म्हणजे १० मिमी जाडीचा, काउंटरसंक बोल्ट, म्हणजे ज्याचं डोकं पत्र्यात बुडवतात तो, पण ते डोकं साडेपाच मिमी खोल असतं आणि पत्रा ४ मिमी, म्हणजे पूर्ण बुडणारच नाही. काकांनी मग प्रत्येक भोकाभोवती लोखंडी कडी वेल्ड केली, प्लेट खाली असतानाच, गाडीवर अजिबात वेल्डिंग नाही. दगड कडीवर घासेल, डोक्यावर नाही. आणि ॲलन की ची खाच आहे ना, त्यात ग्रीस ठासून भरा, नाहीतर त्यात चिखल सुकून सिमेंट होतो.

चेसीला एकही नवीन भोक पाडलेलं नाही. कंपनीने जिथे बोल्टची जागा दिलीय तिथेच सगळं टेकवलंय. लॅडर फ्रेम, म्हणजे शिडीसारखी जाड चेसी, आहे म्हणून कुठेही ड्रिल मारायचं हे डोक्यातून काढा, तिथून गंज सुरू होतो आणि तडाही तिथूनच जातो.

बसवताना आधी सगळे बोल्ट दोन दोन आटे नुसते धरवायचे, प्लेट हलवून मधे आणायची आणि मगच आलटून पालटून कोपऱ्याकोपऱ्याने आवळायचं. एकच पूर्ण आवळला की बाकीची भोकं जुळतच नाहीत. टॉर्क रेंच असेल तर एम १० ला ४५ न्यूटन मीटरच्या आसपास, किटसोबत आकडा दिला असेल तर तोच धरा.

आता ही बघा कणीक. घरातूनच आणलीय, चपातीचीच. ट्रान्सफर केस रबरी माउंटिंगवर असतो, तो हलतो, आणि दगडावर टेकल्यावर प्लेट वर दबते, तर मधे किती जागा उरते हे डोळ्याने कळत नाही. म्हणून कणकेचा जाड गोळा प्लेटवर ठेवायचा आणि प्लेट आवळायची. मग गाडी घोड्यांवरून उतरवायची, आपण बाहेर यायचं, प्लेटच्या मधोमध लाकडाचा ठोकळा ठेवून ट्रॉली जॅकने हळूहळू दाब द्यायचा, गाडी उचलली जायला लागेपर्यंत. मग परत घोड्यांवर घेऊन प्लेट उघडायची आणि कणीक मोजायची. माझी आवळल्यावर २२ मिमी होती, दाबल्यावर १६ उरली. मला १६ चालतं. ५ आलं असतं तर प्लेटला आतून बेंड मारून घेतला असता, कारण प्लेटच केसला टेकली तर तीच हातोडी होते.

पुढे दुसरी प्लेट असेल तर कौलं आठवा. पुढच्या प्लेटचं मागचं टोक मागच्या प्लेटच्या खालून गेलं पाहिजे, मग दगड एकीवरून दुसरीवर सरकत जातो. उलटं लावलं तर मागच्या प्लेटची कड दगडाला फावड्यासारखी पकडते. रिव्हर्समध्ये अर्थात हेच उलटं होतं, म्हणून दगडातून मागे येताना एक माणूस खाली उतरून बघणारा हवाच.

ड्रेन प्लगसमोर भोक ठेवा, तिथून ऑइल प्लेटवर न सांडता ट्रेमध्ये पडतंय का तेही बघा. बाकी भोकं पाणी जायला आणि हवा खेळायला, पण फार मोठी नकोत, बोराएवढा खडा आत अडकला की दिवसभर खडखड.

आणि ऑक्टोबर. पावसाळ्यानंतर सड्यावरचं गवत कमरेएवढं होऊन वाळतं, गाडी त्यातून गेली की ते प्लेटच्या वर गोळा होतं, शेजारून सायलेन्सरचा पाइप जातो आणि त्यातला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किती तापतो ते हात जवळ नेलात तरी कळतं. असं गवत पेटतं. गवतातून बाहेर आलात की थांबा, गाडी थोडी थंड होऊ द्या, टॉर्च घेऊन वाका आणि आकड्याने ओढून काढा. माझ्या डिकीत वायरचा एक आकडा ह्यासाठीच पडलेला असतो, हा बघा, जुन्या हँगरचा आहे.

आता शेवटचे दोन बोल्ट आवळतो. १०० किलोमीटर झाले की परत ह्याच जागी खाली येऊन सगळे एकदा तपासणार, आणि हा खडू आता पुसणार नाही, पुढच्या पावसाळ्यानंतर ह्याच गोलांच्या बाहेर कुठे नवीन रेघ आली का ते बघायचंय.