रेकॉर्डिंगमधल्या बाई

श्रोतेहो, नमस्कार.

शिक्षकाला बोलायची सवय असते, भरपूर असते. स्वतःचं बोलणं ऐकायची मात्र नसते. मी २४ वर्षं गणित शिकवतेय. त्यातल्या पहिल्या अठरा-एकोणीस वर्षांत कुणी विचारलं असतं, 'बाई, तुमचा तास कसा होतो?' तर मी बेधडक सांगितलं असतं, चांगला होतो. मुलं गडबड करत नाहीत, माना डोलावतात, अभ्यासक्रम वेळेत संपतो. अजून काय हवं?

मग २०२० साल आलं. युनेस्कोच्या आकडेवारीनुसार त्या साथीच्या काळात जगभरातल्या दीडशे कोटींहून जास्त विद्यार्थ्यांचे वर्ग बंद पडले होते. त्यातला एक माझा. फळा गेला, खडू गेला, समोर छोटे छोटे चौकोन आले आणि त्यातल्या निम्म्यांत नुसतीच नावं. ज्यांचं नेट जाईल त्यांना नंतर ऐकता यावं म्हणून मी तास रेकॉर्ड करायला लागले. एका मुलानं निरोप पाठवला, 'बाई, आवाज फाटतोय.' तो खरंच फाटतोय का हे बघायला म्हणून मी ते रेकॉर्डिंग लावलं. एवढंच कारण. आत्मपरीक्षण वगैरे काही डोक्यात नव्हतं.

आवाज फाटत नव्हता. पण मी पूर्ण ४० मिनिटं तिथून हलले नाही.

पहिल्या दहा मिनिटांतच मी वहीत रेघा मारायला लागले. एक 'समजलं ना?' झालं की एक रेघ. तास संपला तेव्हा २३ रेघा झाल्या होत्या. या २३ पैकी एकाही 'समजलं ना?'नंतर कुणी उत्तर देऊ शकेल इतका वेळ मी दिलेला नव्हता. 'समजलं ना? बरं, पुढचं घ्या.' दोन्ही एकाच श्वासात. म्हणजे तो प्रश्न नव्हताच, स्वल्पविराम होता.

विषय दशांश अपूर्णांकांचा होता. मी विचारलं, ०.३ मोठा की ०.२५? एका मुलीनं उत्तर दिलं, 'पंचवीस मोठे.' गणित शिकवणाऱ्या कुणालाही ही चूक नवी नाही. मी लगेच तिला अडवलं, 'अगं नाही, तीनच्या पुढे शून्य लावून बघ, तीस झाले की नाही? समजलं ना?' आणि मग रेकॉर्डिंगमध्ये एक बारीकसा खट्ट आवाज येतो. तिनं माइक पुन्हा चालू केलेला असतो. ती म्हणते, 'बाई, पण...' आणि त्याच क्षणी बाई पुढचं उदाहरण सांगू लागतात. तिचा माइक बंद होतो.

तो 'पण' मी तासात ऐकलाच नव्हता. खरं सांगते, ऐकला असता तरी थांबले असते याची खात्री नाही.

दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा आणखी एक गोष्ट कळली आणि ती जास्त लागली. संपूर्ण तासभर मी 'पॉइंट पंचवीस' म्हणत होते. 'पॉइंट तीन', 'पॉइंट पंचवीस'. मग मुलगी तीन आणि पंचवीस यांची तुलना करणार नाही तर काय करणार? खरं तर आपल्या भाषेत या संख्यांची नावं किती नेमकी आहेत. तीन दशांश. पंचवीस शतांश. एका वस्तूचे दहा भाग केले त्यातले तीन, आणि शंभर भाग केले त्यातले पंचवीस. निम्मं उत्तर नावातच आहे. मी घाईत ती नावं टाकून दिली होती आणि वर त्या मुलीची चूक सुधारत होते.

नंतर वाचनात आलं की हे सगळं आधीच कुणीतरी मोजून ठेवलं आहे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकी संशोधक होत्या. त्यांनी विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती थांबतात हे मोजलं. उत्तर आलं, साधारण एक सेकंद. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागतात आणि 'माहीत नाही' कमी होतं. हे त्यांनी १९७० च्या दशकात लिहून ठेवलंय. त्यांनी थांबायची आणखी एक जागा दाखवली, ती म्हणजे मुलानं उत्तर दिल्यानंतरची. तिथंही आपण लगेच 'शाब्बास' किंवा 'नाही' म्हणून दार लावून टाकतो. माझ्या विद्यार्थिनीचा 'पण' नेमका त्याच दारात अडकला होता.

अध्यापनाच्या प्रशिक्षणात आम्ही सूक्ष्मपाठ घेत असू, तुमच्यातल्या शिक्षकांना आठवत असतील. ती पद्धत १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाली. मोजकी मुलं, काही मिनिटांचा पाठ, मग त्याचं चित्रीकरण बघायचं आणि तोच पाठ पुन्हा घ्यायचा. आमच्यापर्यंत यातली मिनिटं तेवढी पोचली, कॅमेरा वाटेतच राहिला. मागच्या बाकावर बसलेली मैत्रीण निरीक्षण वहीत 'पाठ परिणामकारक' असं लिहायची. तिच्या पाठाला मी तेच लिहायचे.

आता ऑनलाइन प्रशिक्षणांबद्दल बोलायला हवं, कारण व्यावसायिक विकास म्हटलं की आमच्यासमोर तीच येतात. माझ्या फाइलीत अशी १९ प्रमाणपत्रं आहेत. दोनांवर माझं नाव चुकीचं छापलंय. ती कशी मिळाली हेही सांगते. व्हिडिओ दुप्पट वेगानं लावायचा, आवाज बंद करायचा, शेजारी वह्या तपासायच्या, 'पुढे' हे बटण उमटलं की दाबायचं. शेवटची चाचणी कितीही वेळा देता येते, तिसऱ्या फेरीला उत्तरं पाठच होतात. हे काही भूषण म्हणून सांगत नाही. पण दोष फक्त माझा आहे असंही मला वाटत नाही. व्हिडिओ बघताना वाटतं, पटलं, कळलं. तिथंच फसगत होते. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटानं उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानं आठवून लिहिणारे पुढे गेले. आमच्या चाचण्या पाच मिनिटांनीच होतात.

आता मी प्रशिक्षणाचा एक व्हिडिओ बघते, बंद करते, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्यातली एकच गोष्ट करून बघते. बाकीची सोडून देते. प्रमाणपत्रं कमी मिळतात, मिळू देत.

जास्त उपयोग झाला तो माझ्या एका तरुण सहकाऱ्याचा. तो भाषा शिकवतो, त्याला गणितातलं ओ की ठो कळत नाही, आणि तेच बरं. महिन्यातून एकदा आम्ही आपापल्या तासाची दहा मिनिटं एकमेकांना ऐकवतो. फक्त आवाज. मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना आधी विचारून घेतलेलं असतं, आणि ऐकून झालं की पुसून टाकतो. शिक्षक कसा वाटला हे बोलायचं नाही असा आमचा नियम आहे. मुलं काय म्हणाली तेवढंच सांगायचं. पहिल्या वेळी तो म्हणाला, 'मॅडम, सांगण्यासारखं काही नाही. दहा मिनिटांत मुलं फक्त तीनदा बोलली. तिन्ही वेळा 'हो' म्हणाली.' माझा चेहरा पडला असणार, कारण त्यानं लगेच स्वतःचं रेकॉर्डिंग लावलं. त्यात मुलं दोनदा बोलली होती.

तीन सेकंद थांबणं ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. मी टेबलाखाली अंगठ्यानं एकेक बोट दाबून मोजते, नाहीतर दुसऱ्या सेकंदाला तोंड उघडतंच. ऑनलाइन तर ते आणखी कठीण. रेडिओवर जसं तीन सेकंद काही ऐकू आलं नाही तर तुम्ही बटण फिरवाल, तसंच तिथंही शांतता म्हणजे बिघाड.

आता मुलं वर्गात परत आली आहेत, पण आठवड्यातला एक जादा तास मी अजूनही ऑनलाइन घेते. गेल्या आठवड्यात पुन्हा दशांश होते, मुलं अर्थातच नवी. मी विचारलं, तीन दशांश आणि पंचवीस शतांश यांच्यामध्ये एखादी संख्या बसेल का? आणि बोटं मोजू लागले. एक. दोन. तीन. रेकॉर्डिंगमध्ये कुणाच्या तरी घरातला पंखा ऐकू येतो. मग एक मुलगा हळूच म्हणतो, 'बाई, तुमचं नेट गेलं का?'

मी म्हटलं, 'नाही रे. थांबलेय.'

पुन्हा पंखा. आणि मग खट्ट, एक माइक सुरू झाला.