तिसरी इच्छा : ‘अलादीन’चा चित्रपट आणि ‘अलादीन’चा खेळ

(दृश्य : जळगाव शहर, भर दुपारचा सामसूम रस्ता. एका इमारतीचा जिना, वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लासची जुनी पाटी.)

वॉल्ट डिस्ने कंपनीचा ‘अलादीन’ हा चित्रपट नोव्हेंबर १९९२ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि त्यानंतर वर्षभराने, नोव्हेंबर १९९३ मध्ये, सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या यंत्रासाठी त्यावर आधारलेला व्हिडिओ गेम बाजारात आला. जगाच्या दृष्टीने आधी चित्रपट आणि मग खेळ असा हा क्रम आहे; खानदेशातल्या आमच्या पिढीतील अनेकांसाठी मात्र तो उलटा झाला. १९९४ मध्ये या खेळाची एमएस-डॉस या प्रणालीच्या संगणकांवर चालणारी आवृत्ती निघाली, आणि जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार या गावांत नव्यानेच सुरू झालेल्या कॉम्प्युटर क्लासमधून, एका फ्लॉपीवरून दुसरीवर उतरत, ती आमच्यापर्यंत येऊन पोहोचली. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे सरकू लागला की कूलर लावलेल्या त्या खोल्यांमधून मुले हलत नसत, आणि शिकवणी आटोपल्यावर सरांनी परवानगी दिली की पडद्यावर टोपी आणि जाकीट घातलेली अलादीनची ती सडपातळ आकृती धावू लागे. मूळ चित्रपट आम्ही पुष्कळ उशिरा पाहिला. तोपर्यंत हातांना अलादीनच्या अग्राबा नगरीच्या गल्ल्या पाठ झाल्या होत्या, त्यामुळे पाहताना आम्ही चित्रपटच खेळाशी ताडून पाहत होतो. या दोन कलाकृतींमध्ये काय सारखे आहे आणि काय हरवले आहे, याचा शोध या माहितीपटात घ्यायचा आहे.

(दृश्य : खेळातील बाजार, अलादीन उभा आहे, हातातील सफरचंद वर उडवून झेलतो आहे.)

या खेळाचे पहिले वैभव म्हणजे त्यातील हालचाल. व्हर्जिन गेम्स या कंपनीत डेव्हिड पेरी यांच्या नेतृत्वाखाली तो तयार झाला, आणि त्यासाठीची चित्रे डिस्नेच्याच ॲनिमेशन कलावंतांनी कागदावर काढून दिली. ती संगणकात उतरवण्याच्या प्रक्रियेला कंपनीने ‘डिजिसेल’ असे नाव दिले होते. त्या काळी चित्रपटावर आधारित खेळ म्हणजे प्रसिद्ध नाव आणि आत कसाबसा ओळखू येणारा नायक, इतपतच अपेक्षा असे. इथे मात्र ज्या परंपरेतून चित्रपटातील अलादीन जन्माला आला, त्याच परंपरेतील हातांनी खेळातील अलादीन रेखाटला. मेगा ड्राइव्हच्या पडद्यावर एका वेळी जेमतेम चौसष्ट रंग दिसू शकत आणि सगळा खेळ सोळा मेगाबिटांच्या, म्हणजे दोन मेगाबाइटांच्या, कॅसेटमध्ये बसवावा लागे. एवढ्याशा जागेतही पहारेकऱ्याची विजार घसरते, उंट थुंकतो, आणि आपण बटणावरून बोट उचलले तर अलादीन कंटाळून सफरचंदांशी खेळू लागतो. हे शेवटचे मला फार मोलाचे वाटते, कारण खेळणारा काहीच करत नसताना पात्राने आपला स्वभाव दाखवावा, ही चित्रपटाकडून घेतलेली खरी शिकवण आहे.

मुळात ही कथा एका रूपात कधी स्थिर राहिलीच नाही. हाना दियाब या सीरियन कथेकऱ्याने ती १७०९ मध्ये आंत्वान गालाँ या फ्रेंच भाषांतरकाराला सांगितली आणि गालाँने ती आपल्या ‘अरेबियन नाइट्स’मध्ये घातली. त्या कथेतील अलादीन चीनमध्ये राहतो, आणि दिव्यातील जिनीकडे किती वेळा मागणे मागावे यावर तिथे काहीही बंधन नाही. आपल्याकडे डफाच्या साथीने पुराणातील प्रसंग गाणारा वहीगायक समोरचे श्रोते पाहून एखादा प्रसंग लांबवतो आणि एखादा चार ओळींत आटोपतो, तसेच या कथेच्या बाबतीत प्रत्येक सांगणाऱ्याने केले आहे. म्हणून चित्रपटाने मूळ कथा बदलली किंवा खेळाने चित्रपट बदलला, ही तक्रार मी करणार नाही. नेमके काय लांबवले आणि काय आटोपले, हे मात्र पाहिलेच पाहिजे.

(दृश्य : चित्रपटातील गुहेचा प्रसंग; त्यानंतर खेळातील तोच प्रसंग.)

खेळाने सर्वांत जास्त लांबवली ती जादूची गुहा. चित्रपटात अबू माकडाला मोह आवरत नाही, तो निषिद्ध रत्नाला हात लावतो, गुहा कोसळू लागते, आणि लाव्हारसाच्या लाटांतून उडत्या गालिचावर बसून अलादीन बाहेरच्या दिशेने झेपावतो. पडद्यावर हा प्रसंग अगदी थोडा वेळ टिकतो. खेळात त्याच्या तीन लेव्हल होतात : आधी गुहेतील शोध, मग वर चढत येणाऱ्या लाव्हारसापुढून पायी पळणे, आणि शेवटी गालिचावरचे ते उड्डाण, ज्यात वर जायचे की खाली हे पडद्यावरच्या खुणा पाहून क्षणात ठरवावे लागते. ही तिसरी लेव्हल पार झाली की क्लासमध्ये जो गलका होई तो आमच्या वयाच्या कोणालाही सांगावा लागणार नाही. इथे एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. चित्रपटातील गुहेचे वाघमुख आणि लाव्हारसातून सुटकेची दृश्ये यांसाठी डिस्नेने संगणकावर तयार केलेल्या प्रतिमा वापरल्या होत्या, आणि त्यामुळे तिथे कॅमेरा जणू प्रेक्षकालाच गालिचावर बसवून पुढे खेचत नेतो. म्हणजे हाताने रंगवलेला हा चित्रपट जिथे संगणकाच्या सर्वांत जवळ गेला, नेमका तोच तुकडा खेळाने सर्वांत मनापासून उचलला. या ठिकाणी खेळ चित्रपटापेक्षा सरस आहे असे मी निःसंकोच म्हणेन, कारण चित्रपटात अलादीन वाचणार हे आपल्याला ठाऊक असते आणि खेळात ते ठाऊक नसते.

बाजाराच्या प्रसंगात मात्र पारडे उलट झुकते. चित्रपटात अलादीन एक पाव चोरतो, त्यासाठी पहारेकऱ्यांना अख्ख्या बाजारभर पळवतो, आणि शेवटी खायला बसल्यावर समोर दोन उपाशी मुले दिसताच तो पाव त्यांना देऊन टाकतो. सगळ्या चित्रपटाचा पाया या एका कृतीवर उभा आहे. हा भुरटा चोर राजपुत्राहून मोठा का, हे तिथे एकही उपदेश न करता कळते. खेळाने पळापळ ठेवली आणि पाव देण्याचा प्रसंग गाळला. त्याऐवजी अलादीनच्या हातात तलवार आली आणि सफरचंदे फेकण्याची शस्त्रे झाली. वाटेत सापडलेली रत्ने गोळा करून फेरीवाल्याला द्यायची आणि त्याच्याकडून जीव विकत घ्यायचे, असा व्यवहार सुरू झाला. देणाऱ्या हाताचा इथे घेणारा हात झाला, आणि ही हानी मला साधी वाटत नाही.

(दृश्य : खेळाच्या पडद्याचा कोपरा, दिव्यातून निघणारा निळसर धूर.)

या फेरीवाल्याकडे आणखी एक वस्तू विकत मिळते, तिचे नाव ‘इच्छा’. खेळातील सगळे जीव संपले तरी इच्छा शिल्लक असेल तर खेळ पुढे सुरू ठेवता येतो. वरवर पाहता ही सोय आहे. चित्रपट आठवून पाहिले तर तिचा अर्थ पार बदलतो. चित्रपटातील जिनी इच्छा पुरवण्याआधी तीन गोष्टी आपण करणार नाही असे स्पष्ट बजावतो : तो कोणाचा जीव घेणार नाही, कोणाला कोणाच्या प्रेमात पाडणार नाही आणि मेलेल्याला परत आणणार नाही. खेळात इच्छा नेमकी याच कामासाठी खर्च होते, म्हणजे मेलेल्या अलादीनला परत आणण्यासाठी.

आणि चित्रपटात इच्छा मोजून तीनच असतात. हे बंधन जुन्या कथेत नव्हते. ते घातल्यामुळे प्रत्येक मागण्याला किंमत आली. पहिल्या इच्छेने अलादीन राजपुत्र होतो. दुसरी त्याला बुडताना वाचवण्यात खर्च होते. तिसरी इच्छा वापरून जिनीला दिव्याच्या बंधनातून मुक्त करण्याचा शब्द त्याने आधीच दिलेला असतो, पण राजवैभव हाताशी आल्यावर तो कचरतो, आपले खोटे उघडे पडेल या भीतीने मित्राला दिलेला शब्द मोडतो, आणि पुढचा सगळा अनर्थ त्यातून घडतो. अखेरीस राजपुत्र होण्याची संधी समोर असतानाही तो तिसरी इच्छा जिनीच्या मुक्तीसाठी देतो. पाव देणारा मुलगा वाटेत हरवतो आणि इथे पुन्हा भेटतो. रत्ने देऊन हव्या तितक्या वेळा विकत घेता येणारी इच्छा हे ओझे पेलू शकत नाही. खेळणारा शेवटच्या लेव्हलपर्यंत जातो, पण कोणासाठी काय सोडायचे हा प्रश्न त्याच्यासमोर एकदाही येत नाही.

दुष्ट वजीर जाफरच्या पराभवातही हेच दिसते. चित्रपटात तो प्रचंड नाग होऊन अलादीनला विळखा घालतो तेव्हा तलवार कामास येत नाही, येते ती जीभ. जिनी तुझ्यापेक्षा बलवान आहे असे अलादीन त्याला डिवचतो, जाफर स्वतः जिनी होण्याची इच्छा मागतो, आणि जिनीला दिवा चुकत नाही हे त्याला फार उशिरा कळते. गुहेतून एकही इच्छा न वापरता जिनीकडून सुटका करून घेणाऱ्या अलादीनचीच ही हुशारी आहे. खेळात तोच नाग ज्वाळा सोडतो आणि आपण त्याच्यावर सफरचंदे फेकत राहतो. बोटांची चपळाई तिथे पुरेशी ठरते. चोवीस चित्रे प्रतिसेकंद उलगडणाऱ्या माध्यमाने बुद्धीची लढत दाखवली आणि प्रत्यक्ष खेळायच्या माध्यमाने ती टाळली, हे मला आजही खटकते.

जिनीच्या बाबतीत तुलना करणेच अन्यायाचे होईल. रॉबिन विल्यम्स यांचा उत्स्फूर्त, क्षणाक्षणाला रूप पालटणारा आवाज आणि त्याच्यामागे धावणारी, जिनी रेखाटणाऱ्या एरिक गोल्डबर्ग यांची वळणदार रेषा दोन मेगाबाइटांत मावणे शक्य नव्हते. दिव्याच्या आतील लेव्हलमध्ये त्याचे हात आपल्याला पाय ठेवायला जागा देतात, आणि आपला उरलेला जीव पडद्यावर दिव्याच्या धुराच्या लांबीने दाखवला जातो, ही कल्पना सुंदर आहे. गाण्यांच्या चाली खेळात होत्या. आमच्या क्लासमधील संगणकांना साउंड कार्ड नसल्यामुळे ॲलन मेंकन यांचे संगीत आम्हांला चित्रपट पाहीपर्यंत लाभले नाही.

(दृश्य : कॅपकॉमच्या खेळातील रात्रीचे आकाश आणि उडता गालिचा.)

याच चित्रपटावर आधारलेला दुसरा खेळ जपानमधील कॅपकॉम कंपनीने सुपर निन्टेन्डो या यंत्रासाठी १९९३ मध्येच काढला होता. त्याची रचना शिंजी मिकामी यांनी केली. पुढे १९९६ मध्ये ‘रेसिडेंट इव्हिल’ या भयखेळामुळे त्यांचे नाव जगभर झाले. त्यांच्या अलादीनकडे तलवार नाही. तो उड्या मारतो, खांबांना झोके घेतो आणि चादर पसरून अलगद खाली उतरतो. दोन्हींत सेगाच्या खेळाचे ॲनिमेशन अधिक चांगले आहे, असे मिकामी यांनी पुढे एका मुलाखतीत मोकळेपणाने मान्य केले. हालचालीच्या बाबतीत त्यांचे म्हणणे खरेच आहे. पण त्यांच्या खेळात एक जागा अशी आहे, जिथे राजकन्या जास्मिन अलादीनच्या मागे गालिचावर बसते, समोर एकही शत्रू नसतो, आणि आपण फक्त उडत रत्ने वेचायची असतात. सेगाच्या खेळात जास्मिन जवळजवळ नाहीच. आपण कोणी जिंकून घ्यायचे बक्षीस नाही असे चित्रपटात तीन पुरुषांना ठणकावून सांगणारी ही मुलगी तिथे केवळ शेवटी भेटते. कॅपकॉमच्या कलावंतांना, निदान त्या एका लेव्हलपुरते तरी, लढाई थांबवून चित्रपटाच्या मनाजवळ जावेसे वाटले, आणि म्हणून चित्रे थोडी कमी देखणी असूनही रूपांतर म्हणून मी हा खेळ वरचा मानतो.

सेगाचा ‘अलादीन’ २०१९ मध्ये ‘द लायन किंग’ या खेळासोबत एका संग्रहातून पुन्हा प्रसिद्ध झाला आणि २०२१ च्या वाढीव आवृत्तीत कॅपकॉमचा खेळही त्यात आला. त्यामुळे एरंडोल, शहादा किंवा शिरपूरच्या एखाद्या मुलाला आता हे दोन्ही खेळ एकाच पडद्यावर, साउंड कार्डाची चिंता न करता, शेजारी शेजारी खेळता येतात. त्याने गुहेपर्यंत सेगाचा खेळ खेळावा, गालिचासाठी कॅपकॉमचा लावावा, आणि तिसऱ्या इच्छेसाठी चित्रपट पाहावा.