वाट सायकलची, हिशेब पाण्याचा

(ठाण्यातल्या डोंगरी सायकलस्वारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

माझी सगळी नोकरी मृद्संधारणात गेली. समतल चर, म्हणजे उताराला आडवे एका पातळीतले चर, खोदायचे, नाल्याला बांध घालायचे, वाहून जाणारी माती जागेवर थांबवायची. सायकल उशिरा हाती आली आणि डोंगरावर तर त्याहून उशिरा गेली. तेव्हा सायकलच्या डोंगरवाटांसाठी वन विभागाला जो अर्ज आपण देणार आहोत, त्यावर आज मी मातीच्या बाजूने बोलणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

बारा वर्षांपूर्वी पारसिकच्या डोंगररांगेत आम्ही पाच-सहाजण डोंगराच्या एका सोंडेवरून सरळ खाली उतरायचो. वाट तिथे नव्हतीच, आमच्या टायरनी ती पडली. परवानगी घ्यावी हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. पहिल्या वर्षी गवत नुसतं दबलं. दुसऱ्या वर्षी ते गेलं आणि तांबडा मुरूम उघडा पडला. तिसरा पावसाळा संपल्यावर नवरात्रात गेलो, तर वाटेच्या मधोमध ओघळ पडलेला. मी गुडघ्यावर बसून त्यात हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. शेजारी ऐनाचं एक झाड होतं. त्याची मुळं वीतभर उघडी पडली होती आणि आमची चाकं ब्रेक दाबून त्यांच्यावरून घसरायची तिथे साल सोलून पांढरे पट्टे उठले होते. गावोगाव ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ सांगणाऱ्या मी स्वतः पाण्याला पाट काढून दिला होता. त्याची लाज मला आजही वाटते, आणि मी इथे उभा आहे तो त्यामुळेच.

मुळात या खेळाचा जन्मच सरळ उतारावर झाला. कॅलिफोर्नियात मरीन काउंटीत १९७६ पासून ‘रीपॅक’ नावाच्या उतारावर शर्यती व्हायच्या. एका फेरीत मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं, ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून ते नाव. तिथून ही सरळ उतरायची ओढ आपल्यात आली. पण तिथला पाऊस वेगळा, आपला वेगळा. ठाण्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. खाली काळा पत्थर, त्यावर मुरमाचा आणि मातीचा पातळ थर. तो एकदा धुपून गेला की आपल्या आयुष्यात परत येत नाही.

सायकल म्हणजे जंगलाचा सत्यानाश, असं म्हणणारेही भेटतात. त्यांनाही सांगायला हवं. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या डोंगरवाटांवर झालेला एक अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. माणसं, घोडे, मोटरसायकली आणि सायकली यांची तुलना त्यात होती. माती सर्वांत जास्त सुटी केली ती घोड्यांच्या खुरांनी, चाकांनी नव्हे. खरं नुकसान चुकीच्या जागी पडलेल्या वाटेने होतं. ती वाट पायांनी पडो की टायरने, पाण्याला त्याचं काही नाही. पाणी सर्वांत तीव्र उताराने धावतं. आपली वाटही त्याच रेषेत असली, की पाणी तिच्यात शिरतं आणि पायथ्यापर्यंत बाहेर पडत नाही. जसजसं खाली येतं तसतसा त्याचा जोर वाढतो.

म्हणून वाट उताराला आडवी काढायची. आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग असोसिएशन ही संस्था १९८८ पासून यावर काम करते आणि तिचे दोन हिशेब पाठ करून ठेवण्यासारखे आहेत. पहिला : वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. दुसरा : सरासरी चढ दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे दहा मीटर चाललात तर एक मीटर वर. पहिला हिशेब सपाटीलाही लागतो हे आपण विसरतो. जमिनीचा उतारच सहा टक्के असेल, तर पाच टक्क्यांची वाटसुद्धा पाण्याच्या रेषेतच पडते. शिवाय वाटेची दरीकडची कड किंचित खाली हवी, मीटरभर रुंदीला पाच सेंटिमीटर पुरतात. आणि थोड्या थोड्या अंतरावर उतरती वाट जराशी वर उचलून मग पुन्हा खाली न्यायची, म्हणजे त्या खोलगटातून पाणी बाहेर पडतं.

हे मोजायला महागडं यंत्र लागत नाही. ही ए-फ्रेम मी मुद्दाम घेऊन आलोय. दोन बांबू वर बांधलेले, मधे आडवी काठी, शेंड्यावरून सोडलेल्या दोरीला दगड. समतल चर आखायला हीच वापरतात. दोन पायांत दोन मीटर अंतर आहे. सपाट फरशीवर दोरी जिथे थांबते तिथे आडव्या काठीवर खूण केली. मग एका पायाखाली वीस सेंटिमीटरचा ठोकळा ठेवला, दोरी सरकली, तिथे दुसरी खूण. या दोन खुणांच्या मधे दोरी राहिली, की तुम्ही दहा टक्क्यांच्या आत आहात. पुढे या, हात लावून बघा.

आता कारवी. हे डोंगरउतारावरचं झुडूप. आपल्या डोंगरांवर ती आठ वर्षांनी एकदा एकदम फुलते. २०१६ मध्ये फुलली, २०२४ मध्ये फुलली. फुलून बी धरलं की झुडूप मरतं आणि पुढच्या पावसात त्या बियांची रोपं उगवतात. म्हणजे फुलोऱ्यानंतरची दोन-तीन वर्षं तो उतार त्या कोवळ्या रोपांच्या भरवशावर असतो. अशा वेळी वाट सोडून एक चाक जरी आत घातलं तरी रोपांची ओळच्या ओळ जाते. माझं मत स्पष्ट आहे. ती दोन-तीन वर्षं कारवीच्या उताराकडे सायकल वळवायचीच नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. ठाण्यालगतचं येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू आहे आणि परवानगीशिवाय आत जाता येत नाही. तिथे नवी वाट काढण्याचा विचारही नको. उद्यानाबाहेरच्या राखीव वनातही १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे विनापरवाना शिरणं आणि जमीन खणणं हा गुन्हा आहे. आणि बिबट्या. तो तिन्हीसांजेनंतर हिंडतो. सायकल वेगात येते आणि आवाज करत नाही, म्हणून सूर्य उगवल्यावर जायचं, मावळायच्या आत उतरायचं आणि वळणावर घंटी वाजवायची. ही घंटी माणसांसाठीही आहे. एकदा वळणावर मोळी घेऊन येणाऱ्या एका बाई मला चुकवायला काट्यात गेल्या. मी उतरून माफी मागितली, तर म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही आठवड्यातून एकदा येता, मला रोज याच वाटेनं जायचंय.” तेव्हापासून मोळी दिसली की मी सायकलवरून खाली उतरतो.

म्हणून आपण वन विभागाला जो अर्ज देणार आहोत, त्यात तीन गोष्टी मी आग्रहाने घातल्यात. नवी वाट एकही मागायची नाही. आहेत त्यांतल्या आडव्या वाटाच मागायच्या, आणि आमची ती सोंडेवरची वाट बंद करून ओघळात दगडांचे आडवे बांध घालायचं काम आपण करायचं. जून ते सप्टेंबर सायकल पूर्ण बंद. आणि ऑक्टोबरात वाट कधी उघडायची ते पाड्यातल्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीने, म्हणजे वन विभागाबरोबर जंगल सांभाळणाऱ्या गावकऱ्यांच्या समितीने, ठरवायचं. टाच दाबून बघायची, ठसा उमटला तर वाट ओली आहे, त्या दिवशी परत फिरायचं. समितीतल्या एखाद्या मुलाने नाही म्हटलं तर त्याच्याशी वाद घालायचा नाही.

अर्जाचा मसुदा मागच्या टेबलावर आहे. सोबतच्या नकाशावर तुम्ही आजवर ज्या ज्या वाटांनी उतरलात, त्या लाल पेनाने काढा. सरळ उतरणाऱ्या आधी काढा.