कचरा कुणाच्या दारात, पाणी कुणाच्या रानात

(साताऱ्यातील एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘पर्यावरणीय न्याय : एका अभ्यासशाखेची वाटचाल’. पर्यावरणीय न्याय म्हणजे निसर्गाचे फायदे कुणाला मिळतात आणि घाण-नुकसान कुणाच्या माथी येतं, हा प्रश्न. त्याच्या अभ्यासाची वाटचाल मी सांगणारच आहे. पण या शाखेचा इतिहास बहुतेक ठिकाणी अमेरिकेपासून सुरू होतो आणि आपल्या कृष्णाखोऱ्याला त्यात जागाच मिळत नाही. त्याबद्दल आज बोलायलाच हवं.

तरी सुरुवात तिथूनच करू. १९७९ साल, ह्यूस्टन शहर. एका कृष्णवर्णीय वस्तीशेजारी कचरा डेपो येणार होता. लोक कोर्टात गेले. त्यांच्या वकील लिंडा बुलार्ड. त्यांना पुरावा हवा होता, म्हणून त्यांनी समाजशास्त्र शिकवणाऱ्या नवऱ्याला, रॉबर्ट बुलार्ड यांना, कामाला लावलं. (समोरच्या रांगेतल्या वहिनी हसतायत, त्यांना पटलेलं दिसतंय!) विद्यार्थी घेऊन त्यांनी शहरातले कचऱ्याचे डेपो शोधून काढले. महापालिकेच्या मालकीचे पाच डेपो, आणि पाचही कृष्णवर्णीय वस्त्यांत. शहराच्या लोकसंख्येत ही माणसं साधारण चौथा हिस्सा. खटला हरले, पण कचरा कुणाच्या दारात पडतो हे मोजायची रीत तिथून रुजली.

आता आपल्याकडे या. कोयना धरण १९६४ साली पुरं झालं. त्यातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठी नदीतून समुद्राला मिळतं. कृष्णेच्या पाण्याची राज्याराज्यांत वाटणी करणाऱ्या बच्छावत लवादानं त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) एवढी मर्यादा घातली. याच जिल्ह्यात माण आणि खटाव आहेत. तिथल्या बायाबापड्यांनी टँकरची वाट बघत किती उन्हाळे काढले, हे या सभागृहात मी कुणाला सांगावं? आणि ज्यांची घरंदारं, देवळं, खाचरं कोयनेच्या शिवसागर जलाशयात बुडाली, ती माणसं राज्याचा पुनर्वसन कायदा येण्याआधीच उठली होती. तो कायदा १९७६ चा. पुढची पिढी म्हातारी झाली तरी जमिनीच्या कागदांसाठी आंदोलनं चालूच आहेत. वीज एकाची, बुडीत दुसऱ्याची, कोरड तिसऱ्याची. एवढं ढळढळीत उदाहरण जगात कुठल्याही प्राध्यापकाला हवंच असतं!

पण आपल्या माणसांनी नुसतं रडगाणं गायलं नाही. सांगली जिल्ह्यातला खानापूर तालुका घ्या. १९८२ चा मुंबईचा गिरणी संप झाला, कामगार गावी परतले, तर गावात दुष्काळ. येरळा नदीचं पात्र कोरडं आणि वाळू मात्र ठेकेदार भरून नेतायत. मुक्ती संघर्ष चळवळीतल्या लोकांनी विचारलं, ही वाळू कुणाची? मग बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी थोडी वाळू स्वतः विकून, श्रमदान करून, जाणकार अभियंत्यांची मदत घेऊन बळीराजा धरण बांधलं. धरणं पुष्कळ आहेत, पण इथला पाण्याचा हिशेब ऐका. पाणी जमिनीच्या एकरावर वाटायचं नाही, माणसाप्रमाणे वाटायचं. ज्याला गुंठाभरही रान नाही, त्याचाही वाटा. आणि उसाला पाणी नाही! उसाच्या पट्ट्यात हा नियम करायला केवढं धाडस लागलं असेल, ते इथल्या बागायतदारांना विचारा. डॉ. भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दलानं हीच समन्यायी पाणीवाटपाची मागणी पुढे आटपाडीपर्यंत नेली.

माझं म्हणणं एवढंच आहे. ह्यूस्टननं विचारलं, घाण कुणाच्या वाट्याला येते? येरळाकाठानं विचारलं, पाणी कुणाच्या वाट्याला येतं, आणि भूमिहीनाला का नाही? हा दुसरा प्रश्न पहिल्याहून खोल आहे. तो या मातीत पूर्वीच पेरलेला होता. सरकारी जंगलखात्यानं गुरांची चराई तोडली म्हणून जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलं. त्यांचं मूळ गाव आपलं कटगुण. आणि १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह? पाण्यावरच्या हक्काचा याहून मोठा लढा कोणता? बाबासाहेबांचं शालेय शिक्षण याच साताऱ्यात सुरू झालं.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. मग वाटचाल झपाट्यानं सांगतो. १९८२ मध्ये उत्तर कॅरोलिनात वॉरन परगण्यात पीसीबी या विषारी रसायनानं माखलेली माती पुरायला विरोध झाला, पाचशेवर लोकांना अटक झाली. १९८७ मध्ये तिथल्या एका चर्चच्या आयोगानं देशभराची पाहणी करून वंश आणि विषारी कचरा यांचा संबंध दाखवला. १९९१ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत पर्यावरणीय न्यायाची सतरा तत्त्वं ठरली. १९९४ मध्ये सरकारी खात्यांनी या अन्यायाची दखल घ्यावी, असा अध्यक्ष क्लिंटन यांचा आदेश निघाला. पुढे अभ्यासकांनी प्रश्न रुंद केला. वाटणी न्याय्य आहे का, एवढ्यावर भागत नाही. ज्यांना झळ बसते, ती माणसं निर्णयाच्या खोलीत होती का? त्यांची ओळख, त्यांचं ज्ञान मानलं का? भारतात १९८४ चं भोपाळ, २००६ चा वनहक्क कायदा, २०१० चं हरित न्यायाधिकरण, हे सगळे याच वाटेवरचे टप्पे. रामचंद्र गुहा आणि जोन मार्टिनेझ-आलिए यांनी गरिबांचा पर्यावरणवाद, म्हणजे पोटापाण्यासाठीच निसर्ग राखणाऱ्यांचा लढा, मांडला, त्यावर एक वेगळं व्याख्यान लागेल.

कॉलेजच्या मुलांना माझी एक विनंती आहे. आपापल्या तालुक्यातला कचरा डेपो, दगडखाण, मळीचं पाणी सोडलेला ओढा नकाशावर मांडा. शेजारी कुठली वस्ती आहे आणि तिथं पिण्याचं पाणी कुठून येतं, तेही लिहा. कोरे नकाशे दाराजवळच्या टेबलावर ठेवलेत, तालुकावार गठ्ठे आहेत. माण-खटावचे आधी उचला.