शुगर आधी की वजन आधी?

नमस्कार मंडळी, सांगलीतून बोलतोय. आमराईत सकाळी फिरायला गेलं की एक संवाद हमखास कानावर पडतो.

"काय काका, बारीक झालाय की!"
"शुगर निघाली हो. गोड बंद, चहा बिनसाखरेचा."
"झ्याक केलंत!"

आज मला या 'झ्याक'वर बोलायचंय.

शुगर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिन तयार होतं स्वादुपिंडात. जठराच्या मागं आडवी पडलेली, जेमतेम वीतभर लांबीची ग्रंथी. अन्न पचवणारा रस नळीतून आतड्यात सोडणं हे तिचं दुसरं काम. या नळ्यांच्या अस्तरावर काही जणांत चिकट द्रव पाझरणारी वाढ होते आणि द्रव साचून गाठ फुगते. रिपोर्टात तिला 'आयपीएमएन' म्हणतात. हा कॅन्सर नाही. पण काहींच्या बाबतीत पुढं होऊ शकतो. बहुतेक वेळा ती मुतखड्याबितखड्यासाठी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये अचानक सापडते. कॅन्सरपूर्व बदलांचा दुसरा एक प्रकार तर इतका बारीक असतो, की स्कॅनमध्ये सहसा दिसतही नाही.

मग शुगरचा संबंध काय? जुना मधुमेह असलेल्यांना स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा धोका साधारण दीड ते दोन पट. पण मुळात हा कॅन्सरच कमी लोकांना होतो, त्यामुळं लगेच घाबरू नका.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती उलटी वाट. कधीकधी ग्रंथीत काहीतरी बिघडतं, म्हणून शुगर चढते. आयपीएमएनच्या पेशंटबाबत डॉक्टरांसाठी 2024 साली आलेल्या क्योटो मार्गदर्शक सूचना बघा. आयपीएमएन असलेल्या पेशंटला वर्षभरात नव्यानं मधुमेह निघाला, किंवा आटोक्यातली शुगर एकदम बिघडली, तर ती काळजीची खूण धरलीय. 3 सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ, किंवा 5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त फुगलेली मुख्य नळी ज्या यादीत आहे, त्याच यादीत.

आणि गाठ वगैरे काही माहीतच नसेल तर? पन्नाशीनंतर नव्यानं मधुमेह निघालेल्या शंभरांत साधारण एकाला पुढच्या 3 वर्षांत स्वादुपिंडाचा कॅन्सर सापडतो. म्हणजे नव्व्याण्णवांना नाही. तेव्हा शुगर निघाली म्हणून उद्याच मिरजेला सीटी काढायला पळू नका.

आता परत आमराईतल्या काकांकडं. वजन उतरायला लागलं ते गोड सोडल्यावर, की त्याच्या आधीच? नेहमीचा टाइप टू मधुमेह बहुतेकदा वाढत्या वजनाबरोबर येतो. खाणं तेच, चालणं तेच, तरी पँट सैल होतेय आणि शुगर चढतेय, तर डॉक्टरांना हा क्रम महिन्यांसकट सांगा.

अजून एक. चार वर्षांपूर्वी कुणाच्या पोटाच्या स्कॅनमध्ये 'स्वादुपिंडात छोटी सिस्ट (म्हणजे द्रवाची गाठ), लक्ष ठेवा' असं लिहिलेलं असतं. ती फाईल कपाटात साड्यांखाली. शुगरच्या डॉक्टरांना ती दाखवायची असते, हे कुणाला सुचतच नाही. तुमच्या घरी असेल, तर पुढच्या तपासणीला ती पिशवीत टाका.