पाण्याखालचं सलून

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर आजचा विषय 'प्रवाळ पांढरे का पडतात?' असा छापलाय, आणि तो मी घेणार आहे. आधी एक खुलासा करतो. मी शास्त्रज्ञ नाही. 32 वर्षं बँकेत काढली, व्हीआरएस घेतली आणि त्याच वर्षी पाठीवर सिलिंडर बांधून अंदमानच्या पाण्यात उतरलो. घरातला गॅसचा सिलिंडर मला उचलवत नाही, असं आमच्या हिचं म्हणणं आहे. (हशा)

डाइव्ह करून आलो म्हटलं की लोक एकच प्रश्न विचारतात, "शार्क दिसला का?" पंढरपूरहून आलेल्या माणसाला नुसतं "गर्दी होती का?" विचारावं तसं. तर हो, दिसला. परांची टोकं काळी असलेला, दीड मीटरचा. त्याने मला पाहिलं आणि निघून गेला. संपला शार्क.

पहिल्या वर्षी मीही शार्कच्याच मागे होतो म्हणा. हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, बाराएक मीटर खाली गाइडने अचानक बोटांचं पिस्तूल करून दाखवलं. मला वाटलं, मजा करतोय. मीही उलटं पिस्तूल दाखवलं. ती खूण होती ट्रिगरफिशची. टायटन ट्रिगरफिश पाऊण मीटरपर्यंत वाढतो, शिंपले आणि काटेरी सागरी अर्चिन दातांनी फोडून खातो. त्या दिवसांत खाली त्याचं घरटं होतं. त्याची हद्द घरट्यापासून वर नरसाळ्यासारखी रुंदावत जाते. म्हणजे आडवं पळालात तर सुटलात, वर पळालात तर त्याच्याच वाड्यात. आता मी बँकेतला माणूस. अडचण आली की प्रकरण वर पाठवायचं, हेच अंगवळणी पडलेलं. मी वर निघालो. त्याने माझ्या डाव्या पायातल्या फिनचा, म्हणजे पोहायच्या रबरी पंजाचा, लचका तोडला. ते फिन आज दाखवायला आणणार होतो, पण हिने माळ्यावर टाकलंय.

गाइड करेन समाजाचा. 1925 पासून ब्रह्मदेशातून अंदमानात येऊन वसलेली ही माणसं, समुद्र त्यांना अंगणासारखा. त्यांच्यावर वेगळं व्याख्यान ठेवायला हवं, आयोजकांनी नोंद घ्यावी. तर वर आल्यावर तो मुलगा एवढंच म्हणाला, "अंकल, कल एक जगह बैठेंगे." दुसऱ्या दिवशी त्याने मला एका मोठ्या प्रवाळाशेजारी वाळूच्या तुकड्यावर गुडघे टेकून बसवलं. 40 मिनिटं. माझं आजचं सगळं म्हणणं त्या 40 मिनिटांतून आलंय. रीफवर, म्हणजे प्रवाळांच्या खडकावर, गेलात तर पोहत फिरू नका. एक जागा धरा आणि बसा.

पहिली दहा मिनिटं काही घडत नाही. नुसता आवाज, कढईत मोहरी तडतडावी तसा, अखंड. तो पिस्तूल कोळंबीचा. ती पंजा एवढ्या झटक्यात मिटते की पाण्यात बुडबुडा होऊन फुटतो. तिचीच एक बहीण वाळूत बीळ करून राहते. तिला धड दिसत नाही, म्हणून दारात गोबी नावाचा मासा राखणीला. ती वाळू उपसते, पण एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकलेली. त्याने शेपूट थरथरवली की दोघं आत. खोदकाम तिचं, पहारा त्याचा, भाडं कुणीच देत नाही. पुण्यातल्या वाड्यांत हे का जमलं नाही... जाऊ द्या.

मग लक्षात आलं, समोरच्या दगडापाशी रांग लागलीय. तिथे बोटाएवढा मासा, निळसर, अंगावर लांब काळा पट्टा, बूड वरखाली करत नाचत होता. हा क्लीनर रास. त्याच्यापुढे एक हेकरू, मालवणात ताटात येतो तोच, जबडा उघडून उभा. क्लीनर जबड्यात शिरला आणि कल्ल्यातून बाहेर आला. हेकरूने मनात आणलं असतं तर एक घास. पण त्याला अंगावरचे परजीवी काढून हवे असतात. ऑस्ट्रेलियातल्या लिझर्ड बेटावर अलेक्झांड्रा ग्रटर या संशोधक बाईंनी हिशेब केला, तर एक क्लीनर दिवसाला सुमारे 1200 परजीवी खातो. त्यांच्याच गटाने काही छोट्या रीफवरून क्लीनर साडेआठ वर्षं काढून ठेवले. तिथले मासे कमी झाले.

आता खरी मेख. क्लीनरला परजीवी फारसे आवडतच नाहीत. त्याला आवडतो गिऱ्हाइकाच्या अंगावरचा बुळबुळीत थर. म्हणजे तुम्ही केस कापायला बसलात आणि कारागिराचा डोळा तुमच्या कानावर! संधी साधून तो चावतो. मग गिऱ्हाईक दचकतं, त्याच्या मागे लागतं, नाहीतर उठून दुसऱ्या दुकानात जातं. रेदुआन बशारी या संशोधकाने तांबड्या समुद्रात हे बारकाईने पाहिलं. ज्याला दुसरं दुकान गाठता येतं त्या गिऱ्हाइकाला आधी घेतात, तिथल्याच रहिवाशाला ताटकळत ठेवतात. पुढचं गिऱ्हाईक बघत असेल तर क्लीनर एकदम सज्जन होतो, हेही प्रयोगात दिसलंय. मी काउंटरवर बसलेला माणूस, मला यात नवीन काही नव्हतं. (हशा) वर याची नक्कल करणारा एक ब्लेनी मासाही आहे. तोच रंग, तोच पट्टा, तोच नाच. विश्वासाने जवळ गेलात की पराचा तुकडा तोडून पसार. केवायसी नसलं की असं होतं.

तेवढ्यात माझ्या मागून म्हणे एक कासव गेलं. सगळा ग्रुप कॅमेरे घेऊन त्याच्यामागे. मी मान वळवली नाही.

आता माझं दुखणं. आपल्या किनाऱ्यावर काही ठिकाणी पर्यटकाला पाण्याखाली नेऊन हातात पाव देतात. काळ्यापिवळ्या पट्ट्यांच्या सार्जंट माशांची झुंड येते, फोटो झकास. पण त्या झुंडीत दुसरं कोण थांबणार? मी एका पोराला हटकलं. तो म्हणाला, "काका, मासे दिसले नाहीत तर लोक पैसे परत मागतात." आता त्याला काय बोलणार? वीस मिनिटांत सगळं दाखवा म्हणणारे आपणच.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं! बरं, प्रवाळ. भराभर सांगतो.

दगडासारखा दिसला तरी प्रवाळ हा प्राणी आहे. पॉलिप नावाचे बारके जीव चुन्याचं घर बांधतात. त्यांच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहतं, उन्हावर अन्न करून देतं, बराचसा रंगही त्याचाच. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी अंशभर जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की शैवालाचं बिघडतं, पॉलिप त्याला हाकलतो आणि आतला पांढरा चुना दिसू लागतो. तेव्हा प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर सावरतो. लक्षद्वीपने हे 1998, 2010, 2016 आणि 2024 मध्ये सोसलं.

मेलेल्या प्रवाळावर वेगळंच, बाहेरचं शैवाल माजतं आणि नव्या प्रवाळाला रुजायला जागा उरत नाही. ती जागा खरवडून देतो पोपटमासा. दात जुळून झालेल्या चोचीने तो चुन्यासकट खातो, घशात दळतो आणि मागून पांढरी वाळू सोडतो. लग्नानंतर तुम्ही बेटावर ज्या वाळूत अनवाणी फोटो काढता, तिचा बराच भाग... (हशा) रात्री तो स्वतःभोवती चिकट पिशवी करून झोपतो. त्यासाठी दहा मिनिटं राखली होती, ती ट्रिगरफिशने खाल्ली. लक्षद्वीपचे लोक पिढ्यान्‌पिढ्या गळाने रीफबाहेरच्या समुद्रातला टुना धरतात, त्यामुळे तिथले पोपटमासे बरेच वाचले. आता रीफच्या माशांनाही गिऱ्हाईक येऊ लागलंय, ही काळजीची गोष्ट.

आपल्याकडे विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं बुडालेलं पठार. तिथेही प्रवाळ आहेत. नाव ऐकून मी तिथे बदली मागणार होतो.

घंटा झाली. प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतले, चष्मेवाले, विचारा.

...हो. दिसला. सांगितलं की मघाशी!